दोन घरं खाली

८ एप्रिल १९८६, मंगळवार

इतकी वर्षं ज्यांनी माझ्या तोंडावर दार लावून घेतलं होतं, त्यांचा आज फोन आला. नॅशव्हिलहून, रेडिओवरच्या 'कंबरलँड जुबिली'च्या ऑफिसातून, कोणी ट्रेंट वायली म्हणून. आवाजावरून पंचविशीतला वाटला. "मिस ओलेटा, आम्ही जुन्या मंडळींचा एक खास शनिवार करतोय. तुम्ही आलात तर आमचा मान वाढेल."

जुन्या मंडळींचा! म्हणजे वर्षभर ढोल बडवणारी टोपीवाली पोरं उभी करायची, ज्यांनी जन्मात खेचर पाहिलेलं नाही, आणि एक दिवस फडताळातून आम्हाला काढून, धूळ पुसून मांडायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "येईन."

न जाऊन कसं चालेल? जुबिली ती जुबिली. आई रेडिओची बॅटरी त्या शनिवारच्या कार्यक्रमासाठी राखून ठेवायची. आठवडाभर बातम्यासुद्धा लावू द्यायची नाही.

त्यांना 'बाबा, घंटा झाली' हवंय. दुसरं काय हवं असणार! आईने लोखंडी घंटा वाजवून आम्हाला जेवायला बोलवायचं, आणि खाणीतून बाबा यायचेच नाहीत, ते गाणं. मी चोवीस वर्षांची असताना केलेली रेकॉर्ड. वायली म्हणाला, "अगदी रेकॉर्डसारखं, मिस ओलेटा. त्याच पट्टीत. साथ आमचे वादक करतील. तशी रेडिओवर जाहिरातच करणार आहोत आम्ही."

मी म्हणाले, "माझी पट्टी तेव्हापासून केसभर हललेली नाही, बाळा. तुमच्या वादकांना सांग नीट वाजवायला."

डॉइल परसात बटाटे लावत होता. त्याला सांगितलं. नवऱ्याला आनंद व्हावा की नाही? तो हातातल्या बटाट्याकडे बघत राहिला.

"साथ त्यांची? मी नाही?"

"फक्त मला बोलावलंय."

"मग नको जाऊस, ओली," एवढं म्हणून तो पुढच्या सरीकडे वळला.

१३ एप्रिल, रविवार

काल फायरहाउसमध्ये, बंबवाल्यांच्या हॉलात, आमचा कार्यक्रम होता. डॉइलची गिटार, त्याचा चुलतभाऊ ॲस्बरी फिडलवर, आणि मी. हॉल भरला होता. म्हाताऱ्या बायका रडल्या, चांगलं झालं.

पण गिटार! पुन्हा तीच खरखर. मागच्या वर्षी त्या लेक्सिंग्टनच्या पेपरवाल्याने छापलं होतं की डॉइल स्परलॉकच्या बोटांतली चमक गेली, तारा नुसत्या भुणभुणतात. त्या दिवशी मी पेपर चुलीत घातला होता. एके काळी डोंगरापलीकडून लोक फक्त या माणसाचा उजवा हात बघायला यायचे. पण काल माझ्याच कानांनी ऐकलं, तेव्हा काय बोलणार? कार्यक्रम झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे चिकट माणसा, नव्या तारा आण की! किती दिवस त्याच वापरणार?" लोक हसले. डॉइलही हसला. म्हणाला, "आणतो." हे तो नेहमीच म्हणतो.

एक मात्र खरं, या दोघांना उतारवयात शिस्त लागली आहे. पूर्वी माझ्या कानाशी पिंग पिंग करत वाद्यं लावत बसायचे. हल्ली ट्रकच्या मागे जाऊन, मी यायच्या आत लावून मोकळे होतात. मी स्टेजवर जाते आणि फक्त एक गोष्ट बघते. डॉइलच्या गिटारच्या मानेवरचा तो चिमटा, कॅपो, 'घंटा'ला चौथ्या घरात असतो. चिमटा जेवढ्या वरच्या घरात, तेवढी पट्टी चढी. आमच्या लग्नाच्या आधीपासून चौथ्या घरात. तो तिथे दिसला की माझा जीव भांड्यात पडतो.

काहींना ती लाज उरलेली नाही. लोरीना कॅटलेटला परवा रेडिओवर ऐकलं. बाई आता सगळी गाणी पट्टी उतरवून पार तळघरात नेऊन गाते, बटाटे आणि लोणच्याच्या बरण्यांशेजारी. एके काळी काय आवाज होता! मी हे तिच्या तोंडावर बोललेले आहे, तेही चालू रेडिओवर. म्हटलं, "लोरीना, मी ज्या दिवशी पट्टी उतरवेन त्या दिवशी मला खुशाल पुरून टाका." ती हसली होती. दुसरं करणार काय?

१७ एप्रिल, गुरुवार

भांडी घासत होते, तर रेडिओवर माझीच रेकॉर्ड लागली. सरावाला बरं म्हणून सोबत गायला लागले. पहिला शब्द 'बाबा', त्यातल्या दुसऱ्या 'बा'लाच माझा आवाज आणि रेकॉर्डचा आवाज वेगळे. रेकॉर्ड वर, मी खाली. धरून बघितलं, ओढून बघितलं, खोकला आला.

मग डोक्यात प्रकाश पडला. हे लोक तबकड्या वेगात फिरवतात! तेवढ्याच वेळात दोन जाहिराती जास्त बसाव्यात म्हणून. मी लगेच स्टेशनला फोन लावला आणि उचलणाऱ्याला चांगलं फैलावर घेतलं. "माझ्या गाण्याची खारूताईची चिरचिर केलीत तुम्ही. लाज वाटते का?" तो म्हणे, "मॅम, आम्ही काहीच केलेलं नाही." चोर कधी कबूल करतो?

डॉइल दारात उभा राहून ऐकत होता. मी म्हणाले, "बघितलंस? वेगात फिरवतात." तो म्हणाला, "हो, असं करतात म्हणे हल्ली." निदान इथे तरी माझ्या बाजूने बोलला.

२७ एप्रिल, रविवार

मेथडिस्ट पंथीयांच्या देवळात गावातल्या थेल्मा बेंटलीचा अंत्यविधी. तिच्या पोरींनी हट्ट धरला की मी गावं. त्यांच्याकडे पियानो आहे. आमच्या देवळात नाही, आणि नाही तेच बरं. वाजवणारी बाई पुस्तकात बघून वाजवते. दुसऱ्या कडव्यात माझा आवाज चिरकला. शवपेटीसमोर! थेल्मा उघड्या पेटीत पडून ऐकते आहे असं मला वाटलं.

बाहेर आल्यावर पियानोवालीला विचारलं, "हा लावला कोणी?" म्हणाली, "नॉक्सव्हिलचा माणूस येतो, दर वर्षी." झालं, मिळालं उत्तर. शहरातला माणूस, त्याने चढा लावून ठेवला असणार. मी म्हणाले, "तुमचा पियानो वर आहे, बाई." तिने पुस्तक मिटून काखेत घेतलं. पियानो वाजवता येतो म्हणजे कान असतोच असं नाही.

घरी येताना गाडीत डॉइल म्हणाला, "ओली, नॅशव्हिलचं अजून नाही म्हणता येईल."

मी म्हणाले, "पियानो चढा होता. त्याचा आणि नॅशव्हिलचा काय संबंध?"

तो म्हणाला, "काही नाही." मग बराच वेळ कोळशाच्या ट्रकमागून गाडी हाकत राहिला. पुढे जायला जागा होती तरी गेला नाही.

३ मे, शनिवार

एकदाची लाज वाटली माझ्या भावाला! एस्टिल ओहायोतून, डेटनहून, फोनवर बोलला. कारखान्यातून निवृत्त झालाय. यंदा डेकोरेशनला, कबरींवर फुलं वाहायच्या रविवारी, येतोय, आणि आईची घंटा परत आणतोय.

आई गेली त्याच वर्षी त्याने ती घंटा खांबावरून उतरवून ट्रकात घातली आणि तिकडे नेली. कशासाठी, तर बायकोने अंगणात फुलझाडांत ठेवावी म्हणून! मी तेव्हापासून मागते आहे. त्या घंटेवर माझं गाणं उभं आहे. मला सूर आईने दिला नाही की मास्तरने दिला नाही, त्या लोखंडाने दिला. पोर होते तेव्हा घंटा वाजली की डोंगराच्या वरच्या अंगाहून त्याच सुरात ओरडत यायची. पुढे गाणं रचलं तेव्हा पहिला 'बाबा' तिथेच लागला. रेकॉर्डवर अजून तसाच आहे.

"घासूनपुसून आण," मी एस्टिलला म्हणाले, "आणि टोला पडू देऊ नकोस वाटेत."

"अगं ताई, घंटा आहे ती. टोले खायलाच केलीय," तो म्हणाला.

लहान असल्यापासून असाच वात्रट.

९ मे, शुक्रवार

आज डॉइलशी भांडण झालं. मोठं झालं. इतकं मोठं की शेजारच्यांचा कुत्रा आमच्या पोर्चखालून उठून गेला.

वायलीचा पुन्हा फोन होता. डॉइलने उचलला आणि मला न विचारता म्हणाला, "ती मला आणि ॲस्बरीला घेऊन येईल, नाहीतर येणार नाही." मी बाथरूममधून ऐकलं. धावत येऊन फोन हिसकावून घेतला आणि वायलीची माफी मागितली. मला, ओलेटा स्परलॉकला, त्या पोराची माफी मागावी लागली!

मग मी सगळं काढलं. म्हटलं, तुला सहन होत नाही, मला एकटीला बोलावलं ते. तुझ्या हातात आता काही उरलं नाही, पेपरवाल्याने छापलं, म्हणून माझ्या पदराला धरून जुबिलीत शिरायचंय.

त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "तसं समज."

"तसं समज म्हणजे काय? नाही म्हण की!"

"त्यांच्या साथीवर नको गाऊस, ओली. एवढंच म्हणतोय."

"का? कारण सांग."

त्याने टोपी घातली आणि कोंबड्यांना दाणे घालायला गेला. सकाळी मीच घातले होते.

१० मे, शनिवार

बोलत नाही मी त्याच्याशी. कॉफीसुद्धा त्याची त्याने करून घेतली.

२५ मे, रविवार

आज डेकोरेशन. सगळं लिहिणार आहे. लिहिलं नाही तर फुटेन.

सकाळी सगळे डोंगरावरच्या आमच्या कबरस्तानात चढलो. बायकांनी मेणात बुडवलेली कागदी फुलं लावली, पुरुषांनी कोयत्याने गवत काढलं. पाद्रीबाबा फार बोलले नाहीत, देवाची कृपा. टेबलांवर चिकन-डंपलिंग, वाळवलेल्या शेंगा, मक्याचा पाव, थरांचा सफरचंदाचा केक. एस्टिलने घंटा आणली होती. घासून काळीभोर केली होती आणि आईच्या कबरीशेजारी नवा खांब पुरून वर बसवली होती. मी तिच्यावर हात ठेवला, तर डोळे भरून आले. डेटनला नेलेलं सगळं माफ केलं.

डॉइलला मात्र काय झालं होतं कोण जाणे. घंटा पाहिल्यापासून त्याचा चेहरा उतरला. दोनदा म्हणाला, आज गिटारशिवाय गा. मग म्हणाला, घंटा आपण जेवणं झाल्यावर वाजवू. मग म्हणाला, पोट दुखतंय. बाप्याने इतकी वर्षं पोटाचं नाव काढलं नव्हतं.

मी ऐकते होय! दर वर्षी आईच्या कबरीशी मी ते गाणं म्हणते, आणि यंदा तर घंटा आली होती. मी एस्टिलला सांगितलं, "मी 'बाबा' म्हटलं रे म्हटलं की दोर ओढायचा. आई ओढायची तसा, जोरात." लोक जवळ येऊन उभे राहिले. मी डॉइलच्या गिटारकडे बघितलं. चिमटा चौथ्या घरात. मी डोळे मिटले.

डॉइलने सुरुवात वाजवली. मी 'बाबा' म्हटलं. एस्टिलने दोर ओढला.

घंटा वर होती, मी खाली.

थोडीथोडकी खाली नाही. बहिऱ्यालाही कळावं इतकी. मी थांबले. घंटा घुमत राहिली, आणि डॉइलने हात तारांवर ठेवून त्या बंद केल्या.

माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? मी एस्टिलवर ओरडले. "काय केलंस रे डेटनमध्ये हिला? वितळवलीस? दुसरी ओतून आणलीस?"

एस्टिल गोंधळला. "ताई, लोखंड आहे ते. मी काय करणार त्याला? फक्त घासली."

 आमची सगळी माणसं, सूर कळणारी माणसं, आपापल्या कागदी फुलांकडे बघत होती.  यांना माहीत आहे, हे कळलं. काय माहीत आहे, ते अजून कळायचं होतं.

डॉइलच्या गिटारला कोणी हात लावत नाही. माझी बोटं सांधेदुखीने वाकडी झाल्यापासून मीही लावलेला नाही. आज मी ती त्याच्या मांडीवरून उचलून घेतली. त्याने सोडली. जाड तार अंगठ्याने ओढली, तर ती कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी सैल लागली. सगळ्याच तशा. चिमटा मेला चौथ्या घरात इमानदारीत बसला होता, आणि खाली तारा दोन घरं उतरवलेल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

डॉइल म्हणाला, "इथे नको, ओली."

"कधीपासून?"

"तीन वर्षं."

मी गिटार त्याच्या मांडीवर टाकली, खांबापाशी गेले, स्वतः दोर ओढला आणि घंटेच्या सुरात 'बाबा' म्हटलं. सगळ्यांसमोर, आईसमोर. आवाज तिथवर गेला आणि फाटला. पुन्हा ओढला, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा एस्टिलने माझा हात धरला.

जेवले नाही. 

२६ मे, सोमवार

रेडिओवाल्याने वेगात फिरवलं नव्हतं. पियानो चढा नव्हता. थेल्माच्या पोरींनी माझं फाटकं गाणं ऐकून घेतलं आणि वर मला केक दिला.

आणि तो माणूस माझ्याजवळ उभा राहून म्हणाला, "हो, असं करतात म्हणे हल्ली." मला मूर्ख बनवलं! माझ्या स्वतःच्या स्टेजवर, माझ्या स्वतःच्या नवऱ्याने! तो तिकडे परसातल्या वाद्यांच्या खोपटात झोपतोय. झोपू दे. उंदीर आहेत तिथे.

२९ मे, गुरुवार

ॲस्बरी आला होता. मी दार उघडणार नव्हते, पण तो पोर्चवर बसून राहिला आणि मुद्दाम वाईट शीळ घालत बसला. शेवटी जाऊन म्हणाले, "तूही सामील. फिडल खाली लावत होतास ना, ट्रकच्या मागे जाऊन? चोरासारखा!"

"होतो," ॲस्बरी म्हणाला. "पहिल्या वर्षी एक घर. पुढच्या वर्षी आणखी एक. पाइकव्हिलच्या जत्रेत तुझा आवाज गेला होता, आठवतं? तू धुळीवर ढकललंस. त्या दिवशी डॉइल परत येताना गाडी थांबवून उलटी करायला उतरला होता. धुळीने नाही."

"मग सरळ चिमटा खाली सरकवायचा! जगात सगळे सरकवतात."

"सगळे सरकवतात. पण सगळ्यांच्या बायकांनी रेडिओवर 'मला पुरून टाका' म्हटलेलं नसतं. मी त्याला म्हटलं होतं, सांगून टाक. तो म्हणाला, तुला सोपं आहे, तुला तिच्याशेजारी झोपायचं नाही."

मला हसू आलं नाही. ॲस्बरीला आलं, मग त्याने आवरलं.

जाताना म्हणाला, "एक सांगू का, ओलेटा? फिडलचं फार बिघडत नाही. पण गिटारच्या तारा तेवढ्या सैल सोडल्या की पडद्यांवर आपटतात, भुणभुणतात. मुलखातला सर्वांत चांगला हात, आणि तीन वर्षं त्या लोंबत्या तारांवर. पेपरात ते आलं तेव्हा मी म्हटलं, आता तरी बोल. तो म्हणाला, छापू दे."

ॲस्बरी गेल्यापासून स्वयंपाकघरात बसून आहे. सूप-बीन्स करपल्या. ती खरखर माझी होती. मी फायरहाउसमध्ये भर लोकांत त्याला चिकट म्हणाले, आणि तो म्हणाला, आणतो.

राग गेलेला नाही. उलट वाढलाय. कोणी सांगितलं होतं त्याला एवढं चांगलं वागायला? मी मागितलं होतं का? एवढं मोठं ओझं माणसाने माणसाच्या डोक्यावर ठेवावं, आणि तेही न विचारता?

२ जून, सोमवार

आधी फोन उचलला तो नॅशव्हिलला नाही म्हणायलाच. मग विचार केला, का म्हणून? घशातला आवाज दोन घरं उतरलाय, मी मेलेली नाही. वायलीला सांगितलं, "डॉइल माझ्यासोबत स्टेजवर असेल. नसेल तर मीही नाही." तो नियम सांगायला लागला. मी म्हणाले, "नियम तुझ्यापाशी ठेव. जुनी मंडळी हवीत ना? मग ती अशी जोडीनेच येतात." तासाभराने त्याचाच फोन आला. एक गिटार चालेल म्हणे. ॲस्बरीचं जमलं नाही, त्याला वाईट वाटलं नाही.

मग खोपटात गेले. डॉइल पेटीवर बसून कुऱ्हाडीला धार लावत होता. मला बघून त्याने कुऱ्हाड बाजूला ठेवली, हे त्याच्या दृष्टीने शहाणपणाचं झालं.

"तारा वर घे," मी म्हणाले. "जिथे असायला हव्यात तिथे. आणि चिमटा दुसऱ्या घरात लाव. मला दिसेल असा."

"ओली, लोकांना कळेल."

"कळू दे. तुझ्या एकट्याच्या तोंडाला काळं फासलं ते पुरे झालं."

तो खाली बघून म्हणाला, "मला काही फरक पडत नव्हता गं."

"मला पडतो! आणि पुन्हा कधी माझ्यावर असे उपकार केलेस तर तुला मी उंदरांतच ठेवेन."

"तारा जास्त टिकत होत्या एवढं खरं," तो म्हणाला.

मी दार आपटून बाहेर आले. आज तो घरात झोपेल.

८ जून, रविवार

काल झालं. घरी आलोय, पाय सुजलेत, पण आज लिहायलाच हवं.

स्टेजमागे जुबिलीच्या वादकांचा म्होरक्या आला. पिकल्या केसांचा, सभ्य माणूस. "मिस ओलेटा, मूळ पट्टीतच ना?" वायली शेजारीच उभा, हातात कागद.

"नाही," मी म्हणाले. "दोन घरं खाली."

वायली म्हणाला, "पण आम्ही आठवडाभर रेडिओवर सांगतोय, मूळ पट्टीत म्हणून..."

"मग आता पुन्हा सांग. सांग की बाईचं वय सत्तावन्न आहे आणि तिला ते ठाऊक आहे." हे मी मोठ्याने बोलले. माझा आवाज वर जात नाही, पण मोठा अजून होतो.

कोपऱ्यातल्या बाकावर लोरीना कॅटलेट बसली होती, झालरींच्या झग्यात. ती तिथे आहे हे मला माहीत नव्हतं, नाहीतर हळू बोलले असते. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आलीस का गं तळघरात?"

"आले," मी म्हणाले.

"ये, बस. गार असतं इथे." तिने झगा आवरून जागा केली.

मला राग यायला हवा होता. मी बसले. तिने पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून दिली.

मग आमचं नाव पुकारलं. डॉइलने भर उजेडात, सगळ्यांना दिसेल असा, चिमटा दुसऱ्या घरात लावला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने शेजारच्याला कोपराने ढोसलं. कळणाऱ्यांना कळलं. माझे कान तापले, मान ताठ ठेवली. आईच्या घंटेचा सूर सोडून मी पहिल्यांदा जाणूनबुजून 'बाबा' म्हटलं, आणि तो लागला. पहिलं कडवं गेलं. हलकं नाही, उंच नाही, पण सगळं माझं. 

मग मधे डॉइलची पाळी. तो पुढे सरकला, आणि वाजवायला लागला.

तारा ताठ होत्या. एकेक सूर सुटा, स्वच्छ, हॉलच्या शेवटच्या बाकापर्यंत खणखणत गेला. जुबिलीचा फिडलवाला स्वतःचं वाजवायचं विसरून त्याच्या हाताकडे बघायला लागला. पुढच्या रांगेतला तो म्हातारा उभा राहिला. मग टाळ्या सुरू झाल्या, गाणं अर्धं असताना. तो माणूस कानापर्यंत लाल होऊन खाली बुटांकडे बघत वाजवत होता. हाच हात मी पंधरा-सोळा वर्षांची असताना शाळेच्या पायऱ्यांवर ऐकला होता आणि याच्याशीच लग्न करायचं ठरवलं होतं.

माझं दुसरं कडवं चुकलं. म्हणजे सुरूच केलं नाही. जागा आली आणि गेली, म्होरक्याने माझ्याकडे बघितलं, आणि डॉइलला आणखी एक फेरी वाजवावी लागली. इतक्या वर्षांत माझी जागा कधी चुकली नव्हती. मी ऐकत उभी होते.

परत येताना गाडीत डॉइल म्हणाला, "तारा फार जुन्या झाल्यात, ओली. आता ताणून धरल्या की तुटतील. नव्या घ्यायला हव्यात."

मी म्हणाले, "तीन वर्षं सांगतेय मी."